तुम्ही विचारलंत म्हणून : शाळेत जात नाही, मग दिवसभर करते तरी काय?

हा प्रश्न माझ्या लेकीबद्दल मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असताना विचारला गेला आहे. "शाळेत घातली नाही? मग दिवसभर बसून करते काय?" एरवी मी "असतं काही ना काही चालू" म्हणून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर रांगेत उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तेच विचारलं आणि वर म्हणाल्या, "सावकाश सांग, मला काही घाई नाही." तर सावकाशच सांगते.

आम्ही सांगलीत राहतो. लेक ११ वर्षांची आहे. दुसरी झाल्यावर तिची शाळा थांबवली. का थांबवली ते हल्ली मी सांगत नाही. ऐकणारा लगेच शाळेच्या बाजूने नाहीतर विरुद्ध उभा राहतो आणि मला दोन्हीकडे उभं राहायचं नसतं.

पहिली गोष्ट, ती बसून फारसं काही करत नाही. कालनिर्णयाच्या चौकटींत लिहायला जागा पुरत नाही, अशी आमची अवस्था असते. आणि त्या चौकटी आम्ही भरत नाही, गाव भरतं. शाळेच्या वेळेत, म्हणजे अकरा ते पाच, गाव काम करत असतं. सौदे होतात, वाद्यं घडतात, बंधाऱ्यावर कुणी पाणी मोजतं, कोर्टाबाहेर अर्ज लिहिले जातात. गावातली सगळी मुलं तेव्हा वर्गात असतात. रविवारी ती मोकळी होतात, तेव्हा मार्केट यार्डात कुत्रंसुद्धा नसतं. आमच्या लेकीला हे सगळं चालू असताना बघायला मिळतं. शाळा नसल्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. बाकीचे फायदे लोक सांगतात ते मला थोडे फुगवलेले वाटतात.

गणित, मराठी, इंग्रजी सकाळी उरकतं. बालभारतीचीच पुस्तकं आहेत. एकाच मुलीला शिकवायचं असलं की हजेरी नाही, "शांत बसा" नाही, वह्यांचा ढीग नाही, त्यामुळे वेळ फार कमी लागतो. त्यात सांगण्यासारखंही फार नाही. भागाकार घरी केला म्हणून गोड लागत नाही.

खरी धावपळ त्यानंतर सुरू होते. मी व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते, त्यामुळे यार्डातले काही अडते ओळखीचे. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की आठवड्यातली एक सकाळ तिकडची. पहिल्यांदा ती नुसती शिंकत होती. मग हळूहळू बघायला लागली. खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर हळकुंडं काढतो आणि एक मोडतो. नीट वाळलेलं असेल तर कट्कन तुटतं आणि आतला नारिंगी रंग दिसतो. ओल राहिली असेल तर आवाज येत नाही. एका हमालकाकांनी तिला दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून दाखवली, अगदी टणटण वाजली. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, दोन्हींचे भाव वेगळे. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, बाजूला उभ्या असलेल्यालाही कळायचा नाही, हेही तिथेच कळलं. घरी येऊन तिने आजीच्या बोटांवर बराच वेळ सौदे केले.

त्यातून प्रश्न निघाला: ओल्या हळदीची वाळून किती होते? हरिपूरहून ओली हळद आणली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, शिजवली, गच्चीवर वाळत घातली. वाळवण राखायचं काम तिचं. काही आठवड्यांनी पुन्हा तोलली तर जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता. टक्केवारी मी तोवर शिकवली नव्हती, पण "चार हिस्से पाण्याचे पैसे कोण देणार?" हे तिला बरोबर कळलं. पुस्तकातला तो धडा मग पटकन झाला.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळदीबरोबर सांगण्याची दुसरी गोष्ट म्हणजे हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे खड्डे. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि बरीच कायमची गेली. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं. मेणबत्तीवर ग्लास पालथा घालायचा प्रयोग पुस्तकात आहेच. पण कंदिलाची गोष्ट ऐकल्यावर तिने तो स्वतःहून पुन्हा करून बघितला, ग्लासाच्या जागी लहान-मोठ्या बरण्या घेऊन.

पावसाळ्यात वेळापत्रक नदी ठरवते. आयर्विन पूल १९२९ चा. त्यावर पाण्याची पातळी बघायला अख्खी सांगली येते, त्यामुळे आम्हीही जातो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, हे इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही विश्रामबागला मावशीकडे जाऊन राहिलो होतो. लेकीला त्यातली फक्त मावशीची मांजर आठवते. आता ती रोजची पातळी वहीत लिहिते आणि शेजारी कोयना धरणातून किती क्युसेक सोडले तेही लिहिते. पेपरात एके ठिकाणी टीएमसी आणि एके ठिकाणी क्युसेक असतं, त्यावरून आमचं डोकं फिरलं. शेवटी दोघींनी मांडणी केली: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर ११,५७४ क्युसेकने पाणी २४ तास सुटत राहिलं की एक टीएमसी होतं. कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे त्या वेगाने भरलेलं धरण रिकामं व्हायला १०५ दिवस. "मग एवढ्यावर कशाला घाबरायचं?" तिचा प्रश्न. कारण पाणी एकटं कोयनेचं नसतं, कऱ्हाडला कृष्णा येऊन मिळते, खाली हरिपूरला वारणा, आणि वरून पाऊस. तो भूगोलाचा तास पुलाच्या कठड्याला टेकून झाला. शेजारी उभ्या असलेल्या तीन काकांनी मध्येमध्ये आपापलं मत दिलं. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून त्यांचं आपसात जुंपलं, ते वेगळंच.

मिरजेला आठवड्यातून दोनदा तबला. मास्तरांना संध्याकाळी एकही तास मोकळा नाही, दुपारी मात्र ते झोप सोडून वेळ देतात, कारण दुपारी येणारी विद्यार्थिनी दुसरी नाहीच. जायला एसटी. तिचं अर्धं तिकीट, कारण ती १२ च्या आतली. माझंही अर्धं, कारण २०२३ पासून बायकांना अर्धं. आजी बरोबर असली तर तिला ७५ च्या पुढची म्हणून फुकटच. लेकीने हिशेब करून सांगितलं की आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त बाबाला आहे. बसमध्ये लेक मांडीवर तबल्याचा कायदा वाजवत असते, "धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना", आणि समोरच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघतो. गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा जवळ आली की त्रिताल तोंडाने, हाताने टाळी-खाली दाखवत, दुपटीत म्हणायचा असतो. खाली नवव्या मात्रेला. आजी पोळ्या लाटत असताना लेकीची खाली चुकली की आजी लाटणं आपटते.

तास संपला की कधीकधी आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत वळतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं, पण ही घराणी जुनी, मुळातली शस्त्रं घासणाऱ्या शिकलगारांची. भोपळे पंढरपूर भागातून येतात. दुकानाबाहेर ते वाळत टांगलेले असतात, आणि आत कुणीतरी मान खाली घालून कानस चालवत असतं. एका कारागिरांनी लेकीला सांगितलं, "बस, पण बोलायचं नाही." ते तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. बराच वेळ काहीच बदललं नाही. मग तारेखाली सुती दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज एकदम उघडला, भुंगा गुणगुणल्यासारखा. लेक बोलली नाही. मी तिला इतका वेळ गप्प बसलेली त्याआधी पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर मात्र थांबेना: दोऱ्यानेच का, प्लॅस्टिकच्या का नाही, कुठे थांबायचं हे त्यांना कसं कळतं. शेवटच्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती पुढच्या खेपेला त्यांनाच विचारायला गेली. ते म्हणाले, "कान सांगतो."

मिरजेतच गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, मीरासाहेब दर्ग्यात. उरुसात तिथे गाणं होतं, रात्रभर. सकाळी शाळा नसल्यामुळे आम्हाला बसता येतं. लेक मध्यरात्रीनंतर माझ्या मांडीवर झोपते, तेवढं गाणं कानावरून गेलं तरी पुरे म्हणायचं.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतोच: "मैत्रिणी?" इथे मी मोठं तोंड करून काही सांगणार नाही. अकरा ते पाच तिच्या आसपास सगळी मोठी माणसं असतात, आणि ते तिच्या बोलण्यात उतरलंय. "यंदा आवक कमी आहे" असं ती पाहुण्यांना सांगते, तेव्हा पाहुणे हसतात, मला थोडं अवघडल्यासारखं होतं. संध्याकाळी मैदानावर खो-खो असतो, तिथे तिच्या वयाच्या मुली, भांडणं, रुसवे, सगळं व्यवस्थित आहे. पाठीवर खो न देताच उठवलं म्हणून एकीशी ती आठवडाभर बोलली नव्हती. पण सहामाही जवळ आली की मैदान ओस पडतं, एकेकीला शिकवणी लागते, आणि ते दिवस ती घरात चिडचिडत काढते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कोल्हापूरकडची आमच्यासारखी दोन-चार घरं आहेत, त्यांच्याबरोबर कधी दंडोबाच्या डोंगरावर, कधी सागरेश्वरला जातो. पण महिन्या-दीड महिन्यातून भेटणारी मुलं आणि रोज भांडणारी मुलं यांत फरक असतो.

आणि माझं काय, तेही विचारा कधीतरी. दर महिन्याची ११ आणि २० तारीख माझ्या रिटर्नची. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस मी कुणाची आई नसते. तेव्हा सगळं बंद: यार्ड नाही, मिरज नाही. ती आणि आजी. आजी पेपर वाचते, ती जमिनीवर पालथी पडून काहीतरी वाचते, नाहीतर पंख्याकडे बघत पडते. "कंटाळा आला," असं दारात येऊन सांगते. मी स्क्रीनवरून मान वर करत नाही. थोड्या वेळाने आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, काय चाललंय ते मी विचारत नाही.

हे रिकामे दिवस टिकवणं मला सगळ्यात जड जातं. कारण शाळा नाही म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं, या पोरीकडे वेळच वेळ आहे. अबॅकस लाव, वैदिक गणित लाव, रोबोटिक्सचा क्लास निघालाय, कोडिंग तरी कर. बुद्धिबळ तर इथल्या मातीतच आहे, मग ते का नाही? प्रत्येक सूचना एकेकटी चांगलीच असते. सगळ्या ऐकल्या तर शाळेच्या मुलांनाही हिची दया येईल. आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे क्लास मुलीसाठी नसतातच, ते विचारणाऱ्याला पटकन उत्तर देता यावं म्हणून आई-बाप लावतात. मलाही तो मोह होतो, बँकेच्या रांगेत तर फारच.

कायद्यात हे बसतं का, असंही लोक विचारतात, म्हणून तेही सांगते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी. मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, घालणार नाहीत त्यांना शिक्षेची तरतूद मात्र नाही. या फटीत आमच्यासारखी घरं राहतात. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा १४ पूर्ण झाल्यावर देता येते, नाहीतर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच, तो तर आमच्या पिढीतही कितीजणांनी भरला. मधल्याच वर्गात शाळेत जायचं ठरवलं तरी त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो.

ते कलम मी पाठ केलंय, कारण यंदा लेकच म्हणायला लागली आहे की सातवीला शाळेत जाऊन बघते. एका शाळेत चौकशीला गेलो. तिथे आधी शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तो दुसरीचा निघाला, मग बाईंनी चष्मा काढून लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या की दिवाळीनंतर आठ दिवस येऊन बस, मग बोलू. लेकीने तिथल्या तिथे वेळापत्रक मागून घेतलं. घरी येऊन ते आपल्या कालनिर्णयाशेजारी धरलं आणि विचारलं, हळदीच्या हंगामात आठवड्यातून एक सकाळ सुट्टी मिळते का. नाही मिळत. ती अजून विचार करतेय.