तुम्ही विचारलंत म्हणून: लिफ्ट किती आणि टायर केवढा?

‘पिकअपला दोन इंच लिफ्ट करू की तीन, आणि त्यात तेहेतीसचे टायर बसतील का?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर उत्तर लिहिलेलं बरं. (लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं; तेहेतीस म्हणजे साधारण ३३ इंच व्यासाचा टायर.) बहुतेक जण आधी लिफ्ट ठरवतात आणि मग तिच्यात मावेल तेवढा टायर शोधतात. क्रम उलटा हवा. गाडीवर कायमचं वजन किती असणार हे पहिलं, टायर दुसरा, आणि या दोन्हींना लागेल तेवढीच लिफ्ट शेवटी. थोडक्यात सांगायचं तर पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारं) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या मध्यम आकाराच्या पिकअपला ४० ते ५० मिलिमीटर लिफ्ट आणि मूळ टायरपेक्षा एक माप मोठा टायर पुरतो. त्यापुढे गेलात की लिफ्ट किटच्या बाहेरचे भाग बदलायला लागतात, आणि तो हिशेब सहसा कोणी आधी मांडत नाही.

टायरपासून सुरुवात करू. समजा गाडीला मूळ २६५/६५ आर१७ आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के म्हणजे १७२. ही भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिलिमीटर मिळवायचे. व्यास येतो साधारण ७७६ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. याच पद्धतीने एक माप मोठ्या २६५/७० आर१७ चा व्यास ८०३ आणि २८५/७० आर१७ चा ८३१ मिलिमीटर निघतो. लोक ज्याला ‘तेहेतीस’ म्हणतात तो हाच शेवटचा, प्रत्यक्षात ३२.७ इंच. आता यातून मिळतं काय? व्यास वाढला त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते. एक माप मोठ्या टायरने १३ मिलिमीटर, तेहेतीसने २७. पण मागचा अॅक्सल आणि त्याचं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा मधला गिअरचा गोळा) जमिनीपासून वर उचलणारी ही एकच गोष्ट आहे. लिफ्ट चॅसिसला अॅक्सलपासून दूर नेते. अॅक्सलला जमिनीपासून एक मिलिमीटरही वर नेत नाही. मागच्या डिफरेन्शियलचं हाउसिंग (कवच) दगडाला आपटत असेल तर स्प्रिंगवर खर्च करून उपयोग नाही.

मोठ्या टायरची किंमत गिअरिंगमध्ये मोजावी लागते. ७७६ वरून ८३१ वर गेलात की एका फेरीत गाडी सात टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सात टक्के कमी दाखवतो, किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ‘टायर बदलले आणि अॅव्हरेज एकदम पडलं’ या तक्रारीचा काही भाग निव्वळ मीटरचा असतो. उरलेला खरा असतो. ३.९१ चा अॅक्सल रेशो (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं तो आकडा) ३.६५ असल्यासारखा वागू लागतो. चढावर गिअर लवकर खाली येतो, ऑटोमॅटिक असेल तर दोन गिअरमध्ये घुटमळतो. मूळ ओढ परत हवी तर ४.१० किंवा ४.३० चा क्राउन-पिनियन सेट (डिफरेन्शियलमधली गिअरची जोडी) घालावा लागतो, आणि फोर बाय फोरला तो पुढे-मागे दोन्हीकडे एकसारखा. एक माप मोठ्या टायरला फरक साडेतीन टक्क्यांच्या आतच राहतो, म्हणून तिथे कोणी गिअर बदलत नाही. माझा कल त्याच टायरकडे असण्याचं मोठं कारण हेच.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेला मुद्दा. लिफ्ट केली की टायरला जागा होते, असं सर्रास मानलं जातं. गाडी उभी असताना होते. पण खड्ड्यात चाक पूर्ण वर जातं तेव्हा सस्पेन्शन बंप स्टॉपवर (चाकाची वर जाण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकेपर्यंत दबतं, आणि बंप स्टॉप लिफ्टच्या आधी जिथे होता तिथेच असतो. म्हणजे पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायर फेंडरच्या आत तितकाच वर जातो, लिफ्ट दोन इंच असो की शून्य. शोरूमसमोर मोकळा दिसणारा टायर पहिल्याच ओढ्यात फेंडरच्या आतला प्लॅस्टिक लायनर फाडतो तो यामुळे. शिवाय टायर वरच्या बाजूला क्वचितच घासतो. तो घासतो स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे केबिनच्या बॉडी माउंटला (केबिन चॅसिसवर जिथे टेकते त्या आधाराला). तिथे लिफ्टचा संबंध जवळजवळ नसतो; तिथे रिमचा ऑफसेट बोलतो (रिम हबवर बसते ती जागा तिच्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर, तो आकडा). मूळ रिम +३० ची असेल आणि दिसायला छान म्हणून शून्य ऑफसेटची घातली, तर चाक ३० मिलिमीटर बाहेर येतं, वळताना मोठ्या वर्तुळात फिरतं आणि नेमकं बॉडी माउंटला जाऊन लागतं. वर बेअरिंगवर ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. ऑफसेट मूळच्या जवळ ठेवा. टायर आतल्या बाजूला अप्पर आर्मला (सस्पेन्शनच्या वरच्या भुजेला) किंवा स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजू जोडणाऱ्या सळीला) लागत असेल तर लागेल तेवढे मिलिमीटरच बाहेर घ्या, जास्त नाही.

टायर खरंच मावतो का हे विकत घेण्याआधी पाहायचं असेल तर एकच टायर रिमवर चढवून उसना आणा. चॅसिस स्टँडवर ठेवा, पुढच्या एका बाजूची कॉइल काढा, आर्मखाली जॅक लावून बंप स्टॉप दबेपर्यंत चाक वर न्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे बोटभर, म्हणजे १५-२० मिलिमीटर फट राहिली पाहिजे. प्लॅस्टिक लायनर हीट गनने मागे सारता येतो, मडफ्लॅप कापता येतो. बॉडी माउंटचा कोपरा कापून नवी प्लेट वेल्ड करावी लागत असेल तर टायर त्या गाडीसाठी मोठा आहे, असं मी समजतो. करणारे करतात, पण तो केबिनचा आधार आहे हे विसरू नये.

लिफ्ट मग करायचीच कशाला? वजनासाठी, दोन्ही चाकांमधल्या पोटाच्या उंचीसाठी आणि चढ-उतारावर नाक आणि शेपूट टेकू नये म्हणून. पुढे लोखंडी बुल बार आणि विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) बसवली की ८० ते १०० किलो सहज वाढतात आणि मूळ स्प्रिंग बसते. म्हणून स्प्रिंग इंचावर नाही, किलोवर निवडायची. चांगले उत्पादक एकाच उंचीच्या दोन-तीन कॉइल देतात: मूळ बंपरसाठी एक, बुल बारसाठी दुसरी, बुल बार आणि विंचसाठी तिसरी. मागच्या पाट्यांचंही तसंच; रिकामी, कायम ३०० किलो, कायम ५०० किलो अशा वर्गवाऱ्या असतात. ५०० किलोचा पाटा रिकाम्या हौद्याखाली घातला तर गाडी शेपटी वर करून उभी राहते आणि मागची चाकं खडबडीत रस्त्यावर उड्या मारतात. हौद्यात रोज काय असतं ते काट्यावर मोजा, अंदाज करू नका. आणि लिफ्टमुळे गाडीची मंजूर एकूण वजनक्षमता वाढत नाही. जाड पाट्यामुळे फक्त ती ओलांडलेली दिसत नाही.

स्वस्त मार्ग म्हणजे स्पेसर. पुढच्या स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉक मिळून बनलेल्या खांबाच्या) माथ्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली की चाकापाशी ४० च्या आसपास लिफ्ट मिळते, कारण स्ट्रट आर्मच्या मध्याजवळ बसलेला असतो. स्प्रिंग तीच, म्हणून बसण्याचा अनुभवही तोच. पण चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं, बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना शक्ती नेणाऱ्या शाफ्टचे वळते सांधे) त्यांच्या कोनाच्या टोकाला जातात, आणि वर दबताना बंप स्टॉपच्या आधी शॉक आतून आपटू शकतो. दुसरा प्रकार कॉइल आणि तिच्या बैठकीमध्ये बसतो. त्यात लोंबणं वाढत नाही, मात्र स्प्रिंग आधीच दाबलेली असल्यामुळे गाडी कडक लागते आणि स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. गाडी फक्त पुढून थोडी खाली बसते म्हणून समतल करायची असेल तर पातळ स्पेसर चालतो. वजन वाढलं असेल तर त्याने काहीच सुटत नाही.

मागे ब्लॉक (पाटा आणि अॅक्सलमध्ये घालायचा ठोकळा), जादा पाटा किंवा पूर्ण नवा संच असे तीन पर्याय. ब्लॉक उंच झाला की जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर अॅक्सल पिळला जातो आणि पाटा एसच्या आकारात वाकतो, त्यामुळे दीड-दोन इंचांपुढे ब्लॉक नको. पुढे पाटे असलेल्या गाडीला पुढच्या अॅक्सलवर ब्लॉक कधीही घालायचा नाही. लांब शॅकलही (पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी) लोक घालतात. त्याच्या वाढीव लांबीच्या निम्मी लिफ्ट मिळते आणि पिनियनचा कोन बिघडतो तो वेगळाच. पुरेसं बजेट असेल तर नवा संच घ्या, आणि त्याबरोबर नवे यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे). जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. ते परत कसले तरी पकड टिकत नाही.

५० मिलिमीटर ही मर्यादा कुठून आली? तिथपर्यंत मूळ अप्पर आर्म आणि अॅक्सल शाफ्ट बहुतेक गाड्यांत निभावून नेतात. त्यावर गेलं की अप्पर आर्म खाली लोंबताना कॉइलला किंवा तिच्या बैठकीला टेकतो, कॅम्बर आणि कास्टर (चाकाचा आत-बाहेरचा आणि स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागचा कल) अलाइनमेंटच्या मशिनवर हिरव्यात, म्हणजे मर्यादेत, येत नाहीत, आणि कास्टर कमी राहिला की हायवेवर गाडी सरळ धरून ठेवावी लागते. मग नवे अप्पर आर्म आले. सीव्हीचा कोन वाढला की त्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसलं की समजावं. त्यावर डिफरेन्शियल २५ मिलिमीटर खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात, म्हणजे लिफ्टने मिळवलेली उंची तिथे परत देऊन टाकायची. मागे दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असेल तर गाडी जागेवरून निघताना हलक्या वेगात थरथर येते; सेंटर बेअरिंग थोडं खाली घेणं किंवा पाट्याखाली दोन-तीन अंशांची पाचर घालणं हा त्यावरचा इलाज.

एका गोष्टीकडे गॅरेजवाल्यांचंही हमखास दुर्लक्ष होतं. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, अॅक्सलपासून चॅसिसपर्यंत एका सळीने जोडलेला. गाडी उचलली की सळी खाली ओढली जाते आणि व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे; तो मागचे ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीचं थांबण्याचं अंतर वाढतं आणि दोष पॅडला दिला जातो. सळीची पकड लिफ्टइतकीच वर घेणारा छोटा ब्रॅकेट लावला की काम होतं. त्याच वेळी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली लोंबवून पाहा. ताणलेली दिसली तर आत्ताच बदला.

टायरच्या जातीबद्दल थोडं. चिखलात रोज जाणं नसेल तर एमटी (मड टेरेन, चिखलाचा टायर) घेऊ नका. ओल्या डांबरावर त्याची पकड कमी आणि आवाज जास्त. एटी (ऑल टेरेन) पुरतो. साधा की एलटी (लाइट ट्रक, जास्त भाराचा), हा निर्णय वजनावर आणि दगडांवर अवलंबून. २६५/६५ आर१७ वर ११२ लोड इंडेक्स (भारक्षमतेचा सांकेतिक आकडा) असेल तर एका टायरची क्षमता ११२० किलो. २८५/७० आर१७ एलटीवर १२१ म्हणजे १४५० किलो. पण ही क्षमता टायरवर लिहिलेल्या जास्तीत जास्त हवेला असते, आणि तेवढंच वजन पेलायला एलटीला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या चिठ्ठीतला आकडा मूळ टायरचा आहे. तोच एलटीला भरला तर कडा झिजतात आणि टायर आतून तापतो. टायर कंपनीच्या लोड टेबलमध्ये आपलं अॅक्सलचं वजन पाहून हवा ठरवा, मग ट्रेडवर आडवी खडूची रेघ ओढून थोडं सरळ चालवा. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडांची पुसली तर कमी.

स्टेपनीही त्याच मापाची लागते, नाहीतर पंक्चर झाल्यावर फोर बाय फोर लावता येत नाही. दोन व्यासांची चाकं एकमेकांशी भांडतात आणि डिफरेन्शियल व ट्रान्स्फर केस (पुढे-मागे शक्ती वाटणारा गिअरबॉक्स) त्यात दळले जातात. हौद्याखाली ती मावते का, हे टेपने मोजा. तेहेतीसची स्टेपनी अनेकदा बंपरला किंवा सायलेन्सरला अडते.

काम सुरू करण्याआधी चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांत माप घ्या, टाकी भरलेली असताना. जमिनीपासून घेतलेलं माप टायर बदलला की निरुपयोगी होतं. बसवताना आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लोंबत्या अवस्थेत कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लगेच अलाइनमेंट करा, स्टिअरिंग अँगल सेन्सर आणि कॅमेरा-रडार असेल तर त्यांचं कॅलिब्रेशन, आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्टसह सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. हजारेक किलोमीटरमध्ये नव्या स्प्रिंग पाच-दहा मिलिमीटर बसतात. तेव्हा अलाइनमेंट पुन्हा एकदा.