शेवटचा खेळ, नऊ ते बारा

शनिवार, रात्र

नाशिकच्या जुन्या थिएटरांत शेवटच्या खेळाला पडदा जास्त उजळ दिसायचा असं जुने प्रेक्षक सांगतात, तेव्हा ऐकणारे मान डोलावतात आणि मनात म्हणतात, वय झालं की सगळंच जुनं उजळ वाटतं. पण त्या उजेडाला कारणं होती. ती माहीत असलेले, प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर आता मोजकेच उरलेत, म्हणून आज ती इथे उतरवून ठेवतो.

मुख्य कारण विजेचं. दिवेलागणीनंतर घराघरांतले दिवे, मेन रोडची दुकानं, सगळ्यांचा भार एकदम यायचा. त्यामुळे सहा ते नऊच्या खेळाला व्होल्टेज हमखास पडायचं. प्रोजेक्टरमधला दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणारी विजेची ज्योत. तिला रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या यंत्रातून, डीसी लागतो, साधारण ४०-५० अँपिअर. लाइन बसली की प्रवाह बसतो, ज्योत आखडते आणि पडदा पिवळट पडतो. रात्री दहानंतर दुकानांची शटर खाली आली, घरातले दिवे मालवले, की तोच दिवा पांढरा स्वच्छ जळू लागायचा. मध्यंतरानंतरचा भाग आधीच्या भागापेक्षा ठसठशीत दिसायचा तो यामुळेच.

दुसरं कारण अंधाराचं. पांढऱ्या पडद्यावर काळा रंग मुळात नसतोच, जिथे उजेड पडत नाही तिथे काळं दिसतं. दुपारच्या खेळाला झरोक्यांतून, दारांच्या फटींतून, उशिरा येणाऱ्यासाठी डोअरकीपरने सारलेल्या पडद्याआडून ऊन आत यायचं आणि काळ्याचं करडं व्हायचं. रात्री दार उघडलं तरी बाहेर अंधारच असायचा.

आवाजाचं गणित वेगळं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, संवाद एकमेकांवर चढतात. माणसं तो शोषून घेतात, लोकरीचे कपडे त्याहून जास्त. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा शाली, मफलर, स्वेटर घातलेल्या माणसांनी भरलेल्या शेवटच्या खेळाला संवाद जितके स्वच्छ ऐकू यायचे तितके एरवी कधीच नाही. आणि पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसलात तर जोराची सर आली की निम्मे संवाद गेलेच. ऑपरेटर आवाज वाढवायचा, पण एका मर्यादेनंतर स्पीकर फाटल्यासारखा वाजतो, म्हणून शहाणा ऑपरेटर तिथेच थांबायचा.

विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, हेमलता, सर्कल, विकास, दामोदर, पंचवटीत महालक्ष्मी, नाशिकरोडला अनुराधा आणि रेजिमेंटल. ही नावं एका दमात म्हणणारी पिढी अजून शहरात आहे. नऊच्या खेळाचा प्रेक्षक वेगळा असायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पहिली पाळी उरकून, जेवून आलेले कामगार, दुकान वाढवून आलेले व्यापारी, नोकरीनिमित्त एकटे राहणारे. लहान मुलं कमी, त्यामुळे रडारडही कमी. या प्रेक्षकाला कुठे शिट्टी मारायची आणि कुठे गप्प बसायचं ते बरोबर कळायचं. चित्रपटाची खरी परीक्षा शुक्रवारच्या नऊच्या खेळाला होते असं थिएटरवाले म्हणायचे, आणि मला ते पूर्ण पटतं.

या सगळ्यांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यांपलीकडे, मशीन रूम, म्हणजे प्रोजेक्टरची खोली. तिथलं काम नीट समजून घेण्यासारखं आहे.

३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म. दोन-दोन रिळं जोडून दोन हजार फुटांच्या स्पूलवर चढवली तरी सात स्पूल होतात. एका मशीनवर एक चालू असताना दुसरा स्पूल शेजारच्या मशीनवर लोड करून ठेवायचा, आणि सहा वेळा या मशीनवरून त्या मशीनवर जायचं, म्हणजे चेंजओव्हर करायचा. त्यातला एक बदल मध्यंतराच्या आड झाकला जातो. उरलेले पाच प्रेक्षकाला कळता कामा नयेत.

खूण पडद्यावरच असते. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यावर एका मशीनची झडप पाडायची आणि दुसऱ्याची उघडायची. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम. बिघडतं ते असं: रिळाचं शेवटचं टोक प्रत्येक खेळाला हाताळलं जातं, तिथेच फिल्म फाटते. दर जोडणीला एक-दोन चित्रं कापली जातात आणि हळूहळू ठिपकेच गायब होतात. मग कुणीतरी टोकदार खिळ्याने फुलीची खूण कोरतो, पुढच्या गावचा ऑपरेटर आणखी एक कोरतो. जिल्हाभर फिरून आलेल्या प्रिंटवर कोपऱ्यात फुल्यांची गर्दी दिसायची ती अशी.

कार्बनकडे तर सतत लक्ष हवं. दोन्ही कांड्या जळून आखूड होत जातात, त्यामुळे मधलं अंतर वाढत राहतं. अंतर फार वाढलं तर ज्योत फडफडते आणि विझते, फार कमी झालं तर कांड्या एकमेकींना चिकटू पाहतात. ज्योत आरशाच्या नेमक्या बिंदूवरून सरकली की पडद्याच्या कडा तांबूस होतात. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही. तिची छोटी प्रतिमा दिव्याच्या पेटीवर किंवा भिंतीवरच्या कार्डावर पाडलेली असायची, दोन आखलेल्या रेघांमध्ये. दोन्ही टोकं रेघांवर राहतील अशा बेताने मूठ फिरवत राहायचं. त्या कार्डावर ज्योतीची दोन टोकं उलटी, नखाएवढी, थरथरत दिसत. ऑपरेटरचा अर्धा जन्म त्या नखाएवढ्या चित्राकडे बघण्यात जायचा. कांडीवरच्या तांब्याच्या मुलाम्याचे वितळलेले थेंब पेटीत खाली ठिबकत, तेही रोज साफ करावे लागत, नाहीतर आरशावर उडून डाग पडतात.

फिल्म लोड करताना गेटच्या, म्हणजे दिव्यासमोर फिल्म जिथून सरकते त्या चौकटीच्या, वर आणि खाली एकेक सैल वळसा सोडावा लागतो. कारण गेटमध्ये फिल्म झटक्याझटक्याने सरकते, एक चित्र थांबतं, मग पुढचं येतं. वरचा-खालचा स्पूल मात्र एकसारखा फिरतो. हा फरक तो वळसा पोटात घेतो. आवाज वाचणारा भाग गेटच्या खाली असतो, म्हणून चित्राचा आवाज फिल्मवर त्याच्या शेजारी छापलेला नसतो, वीस चित्रं पुढे असतो. खालचा वळसा मोठा झाला की ओठ आधी आणि शब्द नंतर, लहान झाला की उलटं. कडेची भोकं फाटलेली फिल्म आली की वळसा निसटतो, चित्र थरथरतं आणि स्टॉलमधून आरोळी येते. चित्र अर्धं वर, अर्धं खाली दिसलं तर जोड चुकीच्या जागी दिलेला आहे. त्याला फ्रेमची मूठ फिरवणं एवढाच तात्पुरता उपाय.

सगळ्यात भीती फिल्म गेटमध्ये अडकण्याची. दिव्याची उष्णता एवढी की थांबलेलं चित्र क्षणात वितळतं. पडद्यावर मधोमध तपकिरी बुडबुडा फुगत जातो. झडप तत्काळ पाडायची, मोटर बंद, खराब तुकडा कापायचा. मग जॉइंट: चित्रांच्या मधल्या रेघेवर कापायचं, एका टोकाचा मसाल्याचा थर, म्हणजे ज्यात चित्र उमटतं तो, पात्याने पूर्ण खरवडायचा, सोल्यूशनचा एकच पातळ हात, भोकांवर भोकं बसवून दहा-पंधरा सेकंद दाब. थर अर्धवट खरवडला तर जोड त्याच खेळात सुटतो. सोल्यूशन जास्त झालं तर फिल्म आकसते आणि गेटमधून जाताना खाड्कन आवाज येतो. पुढे पॉलिएस्टरच्या प्रिंट आल्या, त्यांना सोल्यूशन धरतच नाही, टेप लावावी लागते.

म्हणून रिवाइंड करताना कडेवरून बोट फिरवायची शिस्त. मऊ कापडाच्या घडीत फिल्मची कड हलकी धरायची. फाटलेलं भोक कापडाला अडकतं, लगेच थांबायचं. दिवसाच्या चौथ्या खेळाला हात दमलेले असत आणि ही शिस्त नेमकी तेव्हाच सुटायची. दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला फिल्म तुटली तर तिचं मूळ बहुतेक वेळा आदल्या रात्री असायचं.

खाली खिडकीत वेगळाच हिशेब. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला की बुकिंग क्लार्क खिडकी ओढून घ्यायचा. प्रत्येक वर्गाच्या तिकीट-पुस्तकातला दिवसाचा पहिला आणि शेवटचा नंबर मांडायचा, वजाबाकी, दर, करमणूक कर वेगळा. त्यातून वितरकाला जाणारा डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा अहवाल, तयार व्हायचा. बारा वाजता हॉल रिकामा झाला की वॉचमन बॅटरी घेऊन रांगारांगांतून फिरायचा, खुर्च्यांखाली जळती विडी राहिली नाही ना बघायला. हे काम कुणाला दिसायचं नाही आणि थिएटर मात्र त्यावरच सुरक्षित राहायचं.

कार्बन जाऊन झेनॉनचा बल्ब आला, ज्योतीचा पहारा संपला. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट येऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या यायच्या थांबल्या. चित्र स्थिर झालं, ओरखडे गेले, फिल्म तुटणं गेलं. ते चांगलंच झालं. पण दोन मशीनमध्ये उभ्या माणसाच्या हातांत जे होतं ते कुठे नोंदलं गेलेलं नाही, ही खंत आहे.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९४४ साली ते गेले तेही नाशिकमध्येच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे जोडी मशीनची एक केबिन चालू स्थितीत असावी असं मनापासून वाटतं. कार्बन मिळणं आता अवघड, पण झेनॉनवरही लोडिंग आणि चेंजओव्हर जसाच्या तसा दाखवता येतो. सोबत हाताने फिरवायचा रिवाइंडर, जॉइंटचं पातं, सोल्यूशनची बाटली आणि प्रेक्षकांना आत डोकावता येईल अशी काच. हजार फुटांची दोन रिळं मिळाली तरी बावीस मिनिटांत एक चेंजओव्हर ठिपक्यांसकट दाखवून होतो, आणि शिकवणारे ऑपरेटर शहरात अजून आहेत.