आकडेवारीतला परका 'लोकलहोस्ट'

आमच्या संस्थेच्या वेबसाइटचा भेटींचा अहवाल मी एडब्ल्यूस्टॅट्स या भेटी मोजणाऱ्या प्रोग्रॅममधून काढतो. एका महिन्यात सगळ्यात जास्त भेटी देणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव आलं 'लोकलहोस्ट'. हे नाव संगणक स्वतःसाठीच वापरतो. म्हणजे आमचा सर्व्हर स्वतःच स्वतःला भेटी देत होता? क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासले, तसं काही सापडेना. मग कच्चा लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली प्रत्येक भेटीची नोंद, उघडला. हा 'लोकलहोस्ट' सारखं वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीचं लॉगिन पान मागत होता आणि प्रत्येक वेळी ४०४ ('पान सापडलं नाही') खाऊन परत जात होता. आमच्याकडे वर्डप्रेस नाहीच. पाहुणा बाहेरचाच, एवढं तिथेच कळलं.

अडचण अशी की लॉगमध्ये त्याचा आयपी पत्ताच (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) नव्हता. कोणीतरी कधीकाळी अपाचे या आमच्या वेब सर्व्हर प्रोग्रॅममध्ये होस्टनेमलुकअप्स (पत्त्यावरून नाव शोधण्याची सोय) चालू करून ठेवलं होतं, त्यामुळे पत्त्याच्या जागी थेट नाव लिहिलं जात होतं. अपाचेमध्ये हे मुळात बंद असतं, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक भेटीला डीएनएसची (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या यंत्रणेची) फेरी पडते, वर हातातला खरा पुरावा जातो. ते बंद केलं आणि थोड्याच वेळात पत्ता मिळाला. त्यावर 'डिग -एक्स' ही पत्त्यावरून नाव शोधणारी आज्ञा चालवली. उत्तर आलं: लोकलहोस्ट.

पत्त्यावरून नावाचा हा उलटा शोध चालतो तो असा. पत्ता २०३.०.११३.२५ असेल तर आकडे उलटे करून '२५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा' या नावाखाली पीटीआर नोंद (पत्त्याचं नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद) शोधली जाते. ती नोंद डोमेनचा मालक नाही, तर तो पत्ता ज्याच्या ताब्यात आहे तो लिहितो. आणि त्यात काय लिहावं यावर कोणाचाही पहारा नाही. 'लोकलहोस्ट' लिहा, नाहीतर एखाद्या बँकेचं नाव लिहा! दारावरची पाटी ज्याची त्यानेच रंगवायची, असा हा कारभार.

म्हणून शोध दोन्ही बाजूंनी करावा लागतो. पत्त्यावरून नाव काढायचं, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता. दोन्ही जुळले तरच नाव खरं धरायचं. मी स्वतःला गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) म्हणवणाऱ्या भेटी अशाच तपासल्या. खऱ्याचं नाव 'गूगलबॉट.कॉम' किंवा गूगलच्याच दुसऱ्या डोमेनवर संपतं आणि उलट फिरून त्याच पत्त्यावर येतं. आमच्याकडच्या बऱ्याच 'गूगलबॉट'ची नावं भाड्याच्या क्लाउड सर्व्हरची निघाली. युजर एजंटमध्ये, म्हणजे पाहुणा स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत, काय, कोणीही काहीही लिहितं.

याच भरात देशांचा तक्ताही पाहिला. त्यात तुवालू बऱ्यापैकी वर होतं. आमच्या अहवालात देश ठरत होता नावाच्या शेपटीवरून, आणि '.टीव्ही' हे तुवालूचं डोमेन. ते कोणालाही विकत मिळतं, त्यामुळे तिथला माणूस येतोय असं अजिबात नाही. '.कॉम' आणि '.नेट'वाल्यांचा तर देशच कळत नाही. तो तक्ता मी अहवालातून काढूनच टाकला. वरिष्ठांना रंगीत नकाशा आवडायचा, पण इलाज नव्हता.

राहिले १०.० ने सुरू होणारे पत्ते, आणि तेही ढिगाने. हे खासगी वापराचे पत्ते, इंटरनेटवरून असे येऊच शकत नाहीत. त्यांना नाव शोधत बसण्यात अर्थ नव्हता. ते आमच्याच लोड बॅलन्सरचे (येणाऱ्या भेटी सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्राचे) होते. खरा पत्ता तो एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) पुढे पाठवतो, आणि अपाचे तो वाचत नव्हता. तो वाचणारा अपाचेचा भाग, मॉड_रिमोटआयपी, चालू केला. मात्र हे हेडर कोणीही बनवून पाठवू शकतं, म्हणून फक्त लोड बॅलन्सरच्या पत्त्यांवरून आलेलं तेवढंच मानायचं, अशी अट घातली. नव्या लॉगमध्ये भेट देणाऱ्यांचे पत्ते दिसू लागले. त्यातल्या कितीतरी पत्त्यांना पीटीआर नोंदच नाही. ते अहवालात नुसते आकडे म्हणूनच राहतात.