आमची वाटचाल : आधी शिडी, मग दिवा

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक शिडी, एक टेस्टर आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघंच. जुन्या घरांच्या फॉल्स सीलिंगमधले हॅलोजन काढायचे आणि एलईडी बसवायचे, एवढंच काम. ५० वॅटचा दिवा काढून ६-७ वॅटचा लावला की जवळपास तेवढाच उजेड. यात चुकायचं काय, असं वाटायचं.

पहिल्याच मोठ्या कामात ते कळलं. बैठकीच्या खोलीत बारा व्होल्टचे चार हॅलोजन होते आणि चौघांना मिळून एकच इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. आम्ही त्याच दोन पिनांच्या सॉकेटमध्ये एलईडी खोचले, दिवे लागले, आम्ही घरी. रात्री साडेनऊला फोन. "अहो, तुमचे दिवे डोळे मिचकावतायत!" दिवे बदलून पाहिले, बटण बदलून पाहिलं. शेवटी भावाने तो ट्रान्सफॉर्मर भोकातून ओढून काढला आणि पुसला, तर बारीक अक्षरांत छापलेलं होतं : ६० ते २१० वॅट. आमचे चार दिवे मिळून होत होते २४ वॅट. किमान भारच मिळत नव्हता, म्हणून तो बिचारा सुरू-बंद, सुरू-बंद करत होता. पदरचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे डबे, घालून काम पुरं केलं आणि तेव्हापासून छताच्या वर काय आहे ते पाहिल्याशिवाय दिव्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलं.

वर पाहायला लागल्यावर वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या. एका आजींच्या घरी मी जुनी फिटिंग खाली घेतली, तर वायरवरचं रबर माझ्या बोटांत खपलीसारखं सुटून आलं. आत उघडं तांबं. वर्षानुवर्षं हॅलोजनच्या उष्णतेत ते भाजून निघालं होतं. मी म्हटलं, आज दिवा लागणार नाही, आधी हा तुकडा बदलू आणि सगळ्या लाइनचं इन्सुलेशन मेगरने, म्हणजे ते मोजायच्या यंत्राने, तपासू. आजी भडकल्या. "दिवे लावायला बोलावलंय, घर उकरायला नाही." मी ती वायर त्यांच्या तळहातावर ठेवली. एकदा वाकवून पाहिली त्यांनी, तुकडा पडला. मग काही बोलल्या नाहीत.

भोकांचंही तसंच. कागदावर सगळी तीन इंची, पण जुनी भोकं करवतीने हाताने कापलेली, बहुतेक लंबगोल. आम्ही आता आडवं आणि उभं, दोन्ही माप घेतो आणि नव्या दिव्याची बाहेरची कड त्यातल्या मोठ्या मापाला झाकते का ते बघतो. लहान भोक मोठं करता येतं. मोठं झालेलं लहान करायला रिंग लावावी लागते आणि ती रिंग कितीही चांगली असली तरी ठिगळच दिसते, हे माझं मत. आणि वर पोकळी किती उंच आहे, तिथे उष्णतारोधक थर पसरलाय का, हेही बघायचंच. तशा थराखाली चालणारी फिटिंग वेगळी येते. भलतीच लावली तर आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही.

रंगाचा धडा उशिरा मिळाला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळसर फॉस्फरचा लेप. (त्या निळ्या एलईडीसाठीच २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.) लेपात थोडा फरक पडला की दोन्ही खोक्यांवर ३००० केल्विन (पांढऱ्याची छटा सांगणारा आकडा, इथे पिवळसर) लिहिलेलं असूनही एक दिवा गुलाबीकडे झुकतो, दुसरा हिरवटाकडे. शिवाय स्वस्त दिव्यात लाल रंग कमी पडतो. सागवानी कपाट मातकट दिसतं आणि माणसं आजारी. म्हणून आम्ही सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९०च्या खाली जात नाही, आणि नमुन्याचा एक दिवा दोन रात्री त्या घरात जळत ठेवतो. दुकानातल्या उजेडात रंग ठरवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त नमुना ठेवून येतो.

मंद करायचं बटण असेल तर तेही बहुधा बदलावं लागतं, जुनं हॅलोजनच्या भारासाठी असतं. आणि बटण बंद करूनही दिवा अंधुक पेटत राहिला तर घाबरू नका : बऱ्याचदा बटणातला छोटा इंडिकेटरच त्याला कारण असतो. मात्र बटणावर फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तुटत असेल, तर ते आधी दुरुस्त करा.

खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतात. चिप तेवढी टिकेलही, पण ड्रायव्हरमधला कपॅसिटर नावाचा भाग उष्णतेने सुकतो आणि दिवा आधीच जातो. त्यामुळे ड्रायव्हर वेगळा, प्लगने सुटणारा आणि त्याच भोकातून बाहेर येणारा असेल, तरच आम्ही ती फिटिंग घेतो. एकसंध फिटिंग गेली की अख्खी बदला, आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असतं. आठातला एक दिवा वेगळा पांढरा दिसला की जेवायला बसल्यावर नजर तिथेच जाते. म्हणून त्याच लॉटचे दोन दिवे आणि एक ड्रायव्हर ग्राहकाच्या माळ्यावर ठेवून, खोक्यावर खोलीचं नाव लिहून येतो.

प्रत्येक घराची एक वही आहे. परवा त्याच आजींचा फोन आला, स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून. भावाने वही उघडली : ८८ गुणिले ९१ मिलिमीटर, ३००० केल्विन, ३०० मिलिअँपिअर. "आजी, माळ्यावर खोकं आहे ना?" पलीकडून उत्तर आलं, "खाली काढून ठेवलंय. शिडी तेवढी तुमची आणा."