वगळलेला मणका

डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या मशीनच्या खोलीत माझा निम्मा वेळ धातू काढण्यात जातो. ब्लाउजचे हूक, निऱ्यांची सेफ्टी पिन, कमरेचा चांदीचा करदोटा. सकाळी घेतलेली कॅल्शियमची गोळी विरघळली नसेल तर तीही मणक्यावर उमटते आणि आकडा फुगवते. "अहो, हाडांचीच तर गोळी आहे!" हे ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही.

त्या आजी ६९ वर्षांच्या. वजन ७६ किलो, पंधरा वर्षं साखर, आदल्या वर्षी मनगट मोडलेलं. उताणं झोपवलं तर मान टेकेना, उशी द्यावी लागली. पिंडऱ्यांखाली ठोकळा सरकवत होते तेव्हा म्हणाल्या, "साडी आताशा पायात येते गं. निऱ्या जास्तीच्या खोचाव्या लागतात."

मी म्हटलं, "साड्याच लांब यायला लागल्यात हल्ली, आजी." दोघी हसलो.

स्क्रीनवर एल-थ्री, कमरेचा तिसरा मणका, बाकीच्यांपेक्षा पांढरा आणि थोडा बुटका. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा, +१.२; शेजारचे दोघे उणे, म्हणजे त्याहून विरळ. शेजाऱ्यांपेक्षा एकाहून जास्त फरक असला की तो मणका हिशेबातून काढायचा, असा नियम. मी काढला. बाकीच्यांची सरासरी –०.८, खुबा –१.९. पाय आत वळवून पट्टा नीट बांधला होता, खुब्याची इमेज तर पुस्तकात छापावी अशी. रिपोर्ट गेला: ऑस्टिओपेनिया, हाडं थोडी विरळ. म्हणजे गोळ्या घ्या, चाला, दोन वर्षांनी या.

दोन महिन्यांनी त्या पाठदुखीने वाकून आल्या. एक्स-रेत एल-थ्री दबलेला आणि वर टी-ट्वेल्व्ह, छातीचा शेवटचा मणकाही, दोन्ही जुने. टी-ट्वेल्व्ह आमच्या मोजणीत येतच नाही. एल-थ्री येतो, पण मशीन खनिजाला क्षेत्रफळाने भागतं. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत मावतं, म्हणून मोडलेला मणका त्याला भक्कम वाटतो. असा मणका आपसूक दबलेला असला की टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

त्यात मधुमेह. टाइप टूमध्ये घनता बरेचदा चांगली येते आणि तरी हाडं मोडतात, कारण साखरेने हाडातल्या कोलॅजनचा चिवटपणा जातो. हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या नेहमीच्या फ्रॅक्स हिशेबात टाइप टू मधुमेहाला रकानाच नाही. जाणकार डॉक्टर त्याऐवजी रुमेटॉइड संधिवाताच्या चौकोनात टिक करून भागवतात. पण साखरेचे डॉक्टर साखर बघतात, हाडांचे रिपोर्टाची शेवटची ओळ वाचतात.

आणि मी? नियम बरोबर पाळला, याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण मणका का वगळला हे रिपोर्टात एका ओळीत लिहिलं असतं, तर कुणीतरी एक्स-रे काढला असता. तरुणपणीची उंची आणि आजची, यांत चार सेंटिमीटरचा फरक पडला तरी एक्स-रे काढावा, हे मला ठाऊक होतं. त्या बाईने तर तो निऱ्यांत मोजून सांगितला होता.

आता फॉर्मच्या समासात पेनने लिहिते: 'साडी लांब होते का?' नव्या मुलाने परवा विचारलं, हा कुठला निकष?