तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या जातीचं पिल्लू घेऊ?

मी पशुवैद्य आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो, बँकेच्या रांगेत असो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पिल्लू घ्यायचंय. कुठल्या जातीचं घेऊ?" बरेच जण मनात उत्तर ठरवूनच आलेले असतात. पग नाहीतर फ्रेंच बुलडॉग. फ्लॅटमध्ये मावतो, फार भुंकत नाही, पोरांना आवडतो. उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून माझं समाधान होत नाही आणि समोरच्याचंही होत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

आधी उत्तर. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शिह त्झू, म्हणजे ज्यांचं नाक तोंडात घुसलेलं आहे अशी कुत्री विकत घेऊ नका. पुण्या-मुंबईतही नको. आमच्या नागपुरात तर मुळीच नको.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना येतो तेवढाच, आणि त्यानं अंग थंड होत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची खरी सोय म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलसर पडदा यांच्यावरून हवा वेगानं जाते, पाण्याची वाफ होते आणि तिथलं रक्त गार होतं. लांब नाकात त्यासाठी भरपूर जागा असते. पगची कवटी आपण पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणली, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाला नाही. जीभ जाडच राहिली. मऊ टाळू लांब राहिला, तो मागे लोंबून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. नाकपुड्या चिरेएवढ्या उरल्या. अशा वाटेनं हवा ओढायला जोर लागतो, जोरानं आतला भाग सुजतो, सूज आली की वाट आणखी अरुंद होते. शिवाय जोर लावायला स्नायू राबतात, त्यांची उष्णता वेगळी. थंड होण्यासाठी केलेल्या धडपडीतच कुत्रं तापत जातं.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्याकडे ही केस हमखास येते. दिवसभर कूलरसमोर झोपलेल्या पगला संध्याकाळी सहाला खाली नेलेलं असतं. ऊन उतरलेलं असतं, पण डांबर तापलेलंच असतं. वीसेक मिनिटांत तो बसकण मारतो. त्याला उचलून आणतात तेव्हा जीभ जांभळी पडलेली असते, तोंडाला चिकट फेस, आणि घशातून करवतीसारखा आवाज. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, यांचा पारा १०७ च्या वर गेलेला असतो. पोटावर, काखेत, जांघेत नळाचं पाणी, वरून पंखा, तोंडाशी ऑक्सिजन, शिरेतून सलाईन. काही वाचतात. वाचलेल्यांचेही पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे असतात, कारण त्या तापानं मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा दोन्ही कोलमडू शकतात.

सगळं आवरून मी विचारते, आधी कधी श्वासाचा त्रास होता का? उत्तर येतं, "नाही मॅडम. घुरघुरायचा, झोपेत घोरायचा, पण पगचं असंच असतं ना?"

माझं खरं भांडण आहे ते या वाक्याशी. त्या जातीत एखादी गोष्ट सर्रास आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही. शांत बसलेलं कुत्रं खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल असा श्वास घेत असेल, तर त्याला श्वास पुरत नाही. बसल्या बसल्या झोप लागते, हनुवटी उशीवर उंच ठेवून झोपतो, तोंडात खेळणं धरून झोपतो, याचे व्हिडिओ लोक मला कौतुकानं दाखवतात. आडवं होऊन झोपलं की टाळू वाट बुजवतो, म्हणून ते जनावर अशा युक्त्या करतं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पगच्या दवाखान्यातल्या नोंदी इतर कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. श्वासमार्गाच्या या आजाराचा धोका पगला इतरांच्या ५४ पट निघाला. मालकांना मात्र ते घोरणं गोड वाटतं. ते क्रूर नसतात, माझ्याकडे येणारे तर जीव लावणारे असतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पग पहिल्यापासून असा नव्हता. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थनं १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात त्याचा पग शेजारी आहे. त्याला चांगलं पुढे आलेलं नाक आहे आणि पाय लांब आहेत. बिघाड नंतरचा आहे. लंडनमध्ये १८७३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला, हळूहळू प्रत्येक जातीची वंशावळीची वही बंद झाली, म्हणजे वहीतल्याच कुत्र्यांची पिल्लं वहीत चढणार, बाहेरचं रक्त नाही. प्रदर्शनात रूपाला बक्षीस. थोडं चपटं जिंकलं की पुढच्या वर्षी त्याहून चपटं. जिंकलेल्या नराकडे सगळ्यांच्या माद्या. काही पिढ्यांत सगळेच एकमेकांचे भाऊबंद. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये केनेल क्लबच्याच नोंदी तपासल्या, तेव्हा ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगमधली आनुवंशिक विविधता जेमतेम ५० कुत्र्यांएवढी भरली. त्याच वर्षी बीबीसीनं या विषयावर माहितीपट दाखवला, इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी क्रफ्ट्स या केनेल क्लबच्या सर्वांत मोठ्या श्वानप्रदर्शनाचं प्रक्षेपण बीबीसीनं केलं नाही. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांची नोंद केनेल क्लबनं बंद केली ती त्यानंतर, २००९ मध्ये. एवढी उघड गोष्ट थांबवायला शतकाहून अधिक काळ जावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

इलाज नव्हता असंही नाही. डाल्मेशियनचं उदाहरण मी ओळखीच्या प्रत्येक ब्रीडरला सांगते. इतर कुत्र्यांच्या यकृतात युरिक ॲसिडचं सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होतं. डाल्मेशियनमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे ते होत नाही, आणि हा दोष शुद्ध डाल्मेशियनच्या अख्ख्या जातीत पसरलेला. मग लघवीत खडे धरतात. नरांची मूत्रनलिका अरुंद, खडा अडकला की लघवी तुंबते आणि कुत्रं वेदनेनं तळमळतं. आईबाप निवडून हा दोष काढता येत नव्हता, कारण जातीत निर्दोष कुत्रंच नव्हतं. रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचा एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरत गेला, पण निवडायची ती चांगलं जनुक आलेली पिल्लं. काही पिढ्यांत कुत्री दिसायला डाल्मेशियन, ठिपके डाल्मेशियनचे, आणि लघवी मात्र निरोगी. अमेरिकन केनेल क्लबनं १९८१ मध्ये त्यातली दोन नोंदवून घेतली. डाल्मेशियनवाल्यांनी ओरड केली, रक्त बाटलं म्हणून. नोंदणी थांबली. ती परत खुली झाली २०११ मध्ये. मधल्या तीस वर्षांत ज्या कुत्र्यांची लघवी तुंबली, त्यांचं दुखणं टाळता येण्यासारखं होतं.

जिथे क्लब हलले नाहीत तिथे कायदा पुढे आला. नेदरलँड्सनं २०१९ मध्ये निकष लावले: कवटीच्या मानानं नाक फारच आखूड असेल तर पैदास नाही. नॉर्वेत ऑस्लोच्या न्यायालयानं २०२२ मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर स्पॅनियल यांची तिथली पैदास प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. अपिलात बुलडॉगचा निकाल फिरला, कॅव्हेलियरचा टिकला. कॅव्हेलियरची कवटी मेंदूला पुरत नाही, त्यामुळे मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात आणि मानेत सतत कळा येतात.

आता आपल्याकडे. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि घरोघरी पग हवा झाला. मागणी आली की पैदास आलीच. आपल्या बाजाराची स्वतःची भाषा आहे: पंच फेस पग, हेवी बोन लॅब, डबल कोट शेफर्ड, टीकप पॉम. पंच फेस म्हणजे जास्तीत जास्त दबलेलं नाक, त्याचे पैसे जास्त. हेवी बोन म्हणजे बहुधा आधीच जड पिल्लू, ज्याच्या खुब्याच्या सांध्यावर वाढीच्या वयात भार पडणार. आपण दोषालाच भाव देतो आहोत.

"पण पिल्लाला पेपर आहेत," असं सांगतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर आईबापाची, आजा-पणज्यांची नावं असतात. आईला श्वास घेता येत होता का, बापाचे खुबे कसे होते, हे त्यावर नसतं.

मला सगळ्यांत जास्त त्रास होतो तो माद्यांचा. मध्यंतरी एक गृहस्थ फ्रेंच बुलडॉगची मादी घेऊन आले, कळा सुरू झालेल्या. या जातीत पिल्लाचं डोकं मोठं आणि आईचं कंबरेचं हाड अरुंद, त्यामुळे नैसर्गिक बाळंतपण अवघडच. ब्रिटनमधल्या २०१० च्या एका पाहणीत बुलडॉगची ८६ टक्के आणि फ्रेंच बुलडॉगची ८१ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली आढळली. तिला टेबलावर घेऊन पोटावरचे केस काढले तर आधीचे व्रण एकावर एक. आत गर्भाशय आतड्याला चिकटलेलं, भिंत काही ठिकाणी कागदासारखी पातळ. चिकटलेलं सोडवता सोडवताच वेळ गेला. पिल्लं जिवंत निघाली. त्याच भुलेत गर्भाशय काढून टाकू या म्हटलं तर गृहस्थ म्हणाले, "अजून एक वेत घ्यायचंय." मी पुन्हा बसून समजावलं, गर्भाशय फाटलं तर मादीही जाईल आणि पिल्लंही, तेव्हा ते तयार झाले. ती शुद्धीवर आली तेव्हा तिला पहिला मोठा श्वास मिळाला तो घशातली नळी अजून जागेवर होती म्हणून. या जातीची कुत्री भुलेतून उठताना नळी सहन करतात, काढू देत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा वाट मोकळी झालेली असते.

केंद्र सरकारचे श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय गाभण करायची नाही, वर्षाला एकच वेत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. किती ग्राहक नोंदणीचा दाखला मागतात? पिल्लं तीस-पस्तीस दिवसांची असताना गाडीच्या डिकीतून, टोल नाक्यावर हातात दिली जातात, आणि पुढच्या आठवड्यात पार्वो या विषाणूच्या जुलाबांनी माझ्याकडे येतात.

म्हणून कुठल्याही जातीचं पिल्लू घेणार असाल तर माझं म्हणणं एवढंच: आई बघा. फोटोत नको, समोर. तिला अंगणात दहा मिनिटं चालवायला सांगा आणि श्वास ऐका. जर्मन शेफर्ड किंवा लॅब असेल तर आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. नाहीत म्हणाले तर उठून या. आईच दाखवत नसतील तर पिल्लाला हातही लावू नका, कारण एकदा मांडीवर घेतलंत की तुमच्यानं ते खाली ठेववणार नाही, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. दया येऊन आजारी पिल्लू सोडवून आणलंत तरी त्याच्या आईवर पुढचं वेत लादायचे पैसे तुम्हीच दिलेले असतात.

भारतीय जात घ्या, सगळे प्रश्न मिटतील, असंही मी म्हणणार नाही. कारवानी कुत्रं काटक, उन्हात टिकणारं, पण त्याला रान लागतं; टू-बीएचकेत त्याचे हाल होतात. तमिळनाडूच्या राजपालयमला पांढऱ्याशुभ्र रंगाच्या हौसेपायी बहिरेपणा चिकटला. निवड फक्त रूपावर झाली की देशी काय नि विदेशी काय. बहुतेक घरांना मी रस्त्यावरचं गावठी पिल्लू सुचवते. त्याचं नाक लांब, अंग सडपातळ, कातडीला घड्या नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच उन्हापावसात तगलेल्यांचं ते रक्त आहे. लसी आणि नसबंदी तेवढी वेळेवर करा.

ज्यांच्या घरी पग आधीच आहे, त्यांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तो तुमचा आहे, त्याला नीट जगवायचं. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस लावा. वजन उतरवा, बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, चरबीनं श्वास आणखी कोंडतो. मार्च ते जून सूर्य उगवण्याआधी फिरवून आणा, संध्याकाळी रस्त्याला हाताची पाठ लावून बघा. चेहऱ्याच्या घड्या रोज कोरड्या पुसा, डोळा पांढुरका किंवा लाल दिसला तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका, बुबुळाला जखम असू शकते. आणि घोरणं वाढलं असेल, चालताना थांबत असेल, तर नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या. नाकपुड्या मोठ्या करायचं आणि जादा टाळू कापायचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र खचायच्या आत, कमी वयात केलं तर फरक चांगला पडतो. आमच्या भागात असाल तर हिवाळ्यातच दाखवायला आणा, उन्हाळ्याच्या आत जखम भरलेली बरी.