तुम्ही विचारलंत म्हणून: आईची उधारीची वही

“ताई, मावशींची ती वही एखाद्या संग्रहालयाला द्या ना.” चाळीतली पोरं विचारतात, गिरणी संपावर अभ्यास करणारे विचारतात. आईच्या वर्षश्राद्धाला आलेल्या दोघांनी तर जेवता जेवता विचारलं. मी दर वेळी “बघू” म्हणते. मग मागून बोललं जातं, की आईनं आख्ख्या चाळीला वाढलं आणि मुलीला एक वही सोडवत नाही. म्हणून लिहिते.

लालबागची खाणावळ कशी चालायची ते तुम्हाला सांगायला नको: गिरणी कामगार घरी येऊन जेवायचे, हिशेब वहीत, पैसे पगाराला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आमच्याकडे बावीस जण जेवायला होते. पगार थांबले, पण आईनं कुणाचं ताट थांबवलं नाही. तुम्ही तेवढंच सांगता. बाबाही गिरणीत साचेखात्यातले, मागावरचे, म्हणजे तेही संपावर, हे कुणी बोलत नाही. 1975 साली प्रेमाताई पुरवांनी खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून आईला बँकेचं कर्ज मिळालं आणि वाण्याच्या व्याजातून ती सुटली होती. संपाच्या चौथ्या महिन्यात ती पुन्हा त्याच वाण्याच्या दारात उभी होती. आधी पाटल्या गेल्या, मग तांब्याचा बंब. पंगत उठल्यावर आम्ही भावंडं बसायचो, तोवर आमटीत पाणी वाढलेलं असायचं. आई म्हणायची, “गाव सोडून आलेली माणसं, त्यांना इथं कोण आहे?” आणि आम्हाला कोण होतं?

जुलैत वाण्याचा माणूस दारात येऊन नको ते बोलून गेला. मी नववीत होते, गणितात हुशार. आई नळावर गेली तेव्हा मी वही काढली आणि प्रत्येकाच्या पानाखाली लाल पेनानं बेरीज मांडली. सगळ्यात मोठा आकडा चिपळूणकडच्या एका बदली कामगाराचा, म्हणजे गिरणीत कायम नसलेल्याचा होता, 412 रुपये. तशीच वही घेऊन मी पलीकडच्या चाळीत त्यांच्या गावकीच्या खोलीवर गेले, एका गावची माणसं तिथं मिळून राहायची. पाऊस होता, त्यामुळे सगळे आतच होते. पंधरा-वीस माणसांसमोर मी म्हणाले, “काका, माझ्या आईचे पैसे द्या.” कुणी काही बोललं नाही. त्यांनी मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ सोडलं, सदऱ्याला पुसलं आणि उघड्या वहीवर ठेवलं. “आईला सांग, बाकीचे देतो.”

जिना उतरताना मला लाज वाटली नव्हती. खरं सांगते, मला अभिमान वाटला होता.

आई भाकऱ्या थापत होती. तिनं मला मारलं नाही. पिठाचे हात धुतले, घड्याळ पदरात बांधलं आणि तवा चुलीवर तसाच ठेवून गेली. परत आली तेव्हा भाकरी जळून कोळसा झाली होती. काका पिशवी घेऊन मुंबई सेंट्रलला एस.टी. धरायला निघून गेले होते. ते परत आले नाहीत. कितीतरी वर्षं आई सकाळी पहिला चहा झाला की हात पुसून त्या घड्याळाला चावी द्यायची. माणूस आला तर चालू घड्याळ हातात द्यायचं, एवढंच म्हणायची.

तुम्हाला मी आजवर सांगत आले, की वहीत लोकांची नावं आहेत, कुणाचा आजा काचेच्या पेटीत कर्जदार म्हणून कशाला मांडायचा? हे कारण खोटं नाही. पण त्या वहीत लाल अक्षर माझं आहे, हे मी कधी सांगितलं नाही.

मी चुकले का? घरात पीठ नव्हतं, धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. चौदा वर्षांच्या त्या पोरीला मी आजही पुरती दोष देऊ शकत नाही. मग वाटतं, पैसे मागायला चारचौघांसमोरच का गेलीस? त्यांना जेवायला आल्यावर एकटं गाठता आलं असतं. आणि लगेच वाटतं, आईनं एकदा तरी आमच्याकडे बघायला हवं होतं. तिच्या फोटोला हार घालताना हे बोलता येत नाही, म्हणून इथं बोलले.

काकांचं ते पान फाडून वही देऊन टाकावी, असं गेल्या महिन्यात मनात आलं होतं. पान हातात धरलंही. पण त्याच्या पाठीमागे आईच्या चौथी शिकलेल्या अक्षरात त्या आठवड्याच्या तांदळाचा आणि सुकटीचा हिशेब आहे.